केबल काढली : महाराष्ट्रातल्या सशुल्क टीव्हीची चाळीस वर्षे

महाराष्ट्रात टीव्ही पाहण्यासाठी दरमहा पैसे मोजण्याची पद्धत १९८४ च्या सुमारास मुंबईतल्या उंच इमारतींमध्ये रूढ होऊ लागली. पुढे ती चाळी, वाड्या, तालुक्याची गावे आणि शेवटी खेडी असा प्रवास करत राज्यभर पोहोचली. २०१९ नंतर ती ओसरू लागली. आज ‘केबल काढली’ हे वाक्य शहरात तसेच गावात सहज ऐकू येते. केबल काढणाऱ्या घरांनी टीव्ही पाहणे मात्र सोडलेले नाही. कुणी मोबाइलवर पाहते, कुणी घरातल्या इंटरनेटवर, तर कुणी छपरावर दूरदर्शनची फुकट छत्री बसवून. गंमत अशी की ज्या केबलला आज महाग म्हणून निरोप दिला जातो, ती मुळात स्वस्ताईची वाट म्हणूनच घरात आली होती.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागले. त्या काळी टीव्हीसाठी परवाना लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क पोस्टात भरावे लागे. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बंद झाली. परवाना गेला आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने टीव्ही जवळजवळ फुकट झाला. एकदा संच घेतला, गच्चीवर अँटेना उभारला की पुढे खर्च फक्त विजेचा आणि दुरुस्तीचा. निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘आमची माती आमची माणसं’ आणि संध्याकाळच्या बातम्या जे दाखवतील ते पाहायचे. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंग आले, ‘हम लोग’ १९८४ मध्ये आली आणि जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेने रविवारची सकाळ व्यापून टाकली.

याच काळात व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर, म्हणजे व्हीसीआर, श्रीमंत घरांत दिसू लागले. मध्यमवर्गाला यंत्र परवडत नसे. मग ते एका रात्रीपुरते भाड्याने आणायचे, सोबत दोन-तीन सिनेमांच्या कॅसेटी आणायच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून उजाडेपर्यंत जागायचे, असा प्रकार सुरू झाला. मुंबईतल्या काही हिकमती माणसांना यातला व्यवसाय दिसला. इमारतीच्या तळमजल्यावर एखादी खोली घ्यायची, तिथे व्हीसीआर ठेवायचा आणि जिन्यातून, खिडक्यांतून वायर ओढून प्रत्येक घरातल्या टीव्हीला जोडायची. ठरलेल्या वेळी सिनेमा लागे. महिन्याची वर्गणी दोन-चार कॅसेटींच्या भाड्याइतकी असे. सिनेमाच्या मालकाला यातून काही मिळत नसे. चित्रपटगृहांचे मालक आणि निर्माते तक्रार करत, अधूनमधून धाडी पडत, पण वायर एका इमारतीवरून दुसरीवर सरकतच राहिली. रस्ता ओलांडून वायर नेण्याला कायद्याने परवानगी हवी होती. ती मागण्याच्या फंदात सहसा कोणी पडले नाही.

आकाशातले चित्र या वायरीत शिरले १९९१ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत सुरू झालेले आखाती युद्ध सीएनएनवर थेट दिसत होते आणि मोठ्या हॉटेलांनी त्यासाठी डिश बसवल्या होत्या. त्याच वर्षी हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या उद्योगसमूहाने स्टार टीव्ही सुरू केला. त्याच्या वाहिन्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून येत. या उपग्रहाचा पूर्वेतिहास मोठा मजेशीर आहे. १९८४ मध्ये तो ‘वेस्टार-६’ या नावाने अमेरिकी अंतराळयानातून सोडला गेला, चुकीच्या कक्षेत अडकला, त्याच वर्षी दुसऱ्या यानाने त्याला परत आणले आणि दुरुस्तीनंतर एप्रिल १९९० मध्ये चीनच्या अग्निबाणाने तो पुन्हा वर पाठवला. भारतातल्या केबल व्यवसायाची पायाभरणी अशा एका सेकंडहँड उपग्रहाने केली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही त्याच उपग्रहावरून सुरू झाला आणि डिशला हिंदी भाषा आली. १९९३ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी स्टारमधला मोठा हिस्सा विकत घेतला.

या पहिल्या वाहिन्या प्रेक्षकांकडून आणि केबलवाल्याकडूनही काही घेत नव्हत्या. त्यांचे उत्पन्न जाहिरातींचे होते. केबलवाल्याचा खर्च म्हणजे गच्चीवरची डिश, खोलीतली यंत्रे, ठरावीक अंतरावर लावलेले ॲम्प्लिफायर, वायरची भेंडोळी आणि दोन-तीन पोरांचे पगार. आलेले चित्र पुढे ढकलण्याचेच तो पैसे घेत असे. नव्वदीच्या मध्यावर मुंबई-पुण्यात ही वर्गणी साधारण शंभर-दीडशे रुपये होती. इतक्या पैशांत पंधरा-वीस वाहिन्या, शिवाय केबलवाल्याची स्वतःची वाहिनी. त्या घरच्या वाहिनीवर दुपारी जुना आणि रात्री नवा सिनेमा, गणेशोत्सवात भागातल्या मंडळांची आरती आणि पडद्याच्या तळाशी साड्यांच्या सेलची सरकती जाहिरात. अनेक गावांतल्या स्थानिक बातम्यांची सुरुवात याच वाहिन्यांनी केली, ही त्यांची कामगिरी आज विसरली गेली आहे.

केबलचा दर हा त्या काळी किंमतीपेक्षा नात्याचा भाग होता. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाल्याचा मुलगा छोटे कार्ड घेऊन दारात येई. मे महिन्यात कुटुंब गावी गेले तर अर्धे पैसे घेई, घरात अडचण असेल तर पुढच्या महिन्यावर ढकली. चाळीत एका जोडणीवरून दोन घरे चालत आणि त्याच्याकडे तो काणाडोळा करी. चाळीचा दर वेगळा, टॉवरचा वेगळा. पावसात ॲम्प्लिफायरमध्ये पाणी शिरले की पडद्यावर मुंग्या येत आणि ऐन क्रिकेटच्या वेळी अख्खी गल्ली त्याच्या नावाने ओरडे. पण तो ओळखीचा असे. रात्री दहाला फोन केला तर शिडी घेऊन येई. या ओळखीला दुसरी बाजूही होती. भाग वाटलेले असत. एका भागात दुसऱ्याने वायर टाकली की ती रातोरात कापली जाई, हाणामाऱ्या होत, स्थानिक नेत्यांचा वरदहस्त लागे. ग्राहकाला केबलवाला बदलण्याची मुभा नावापुरतीच होती.

सरकारने या सगळ्याची दखल सप्टेंबर १९९४ मध्ये वटहुकमाने आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्याने घेतली. प्रत्येक केबलचालकाला नोंदणी सक्तीची झाली आणि नोंदणी अधिकारी ठरले मुख्य टपाल कार्यालयाचे प्रमुख. टीव्हीचा परवाना पोस्टातून गेल्यानंतर दहाएक वर्षांनी केबलवाला पोस्टातच नोंद करायला येऊन उभा राहिला. राज्य सरकारने करमणूक शुल्काचा बडगा उगारला. पुढे महानगरपालिका क्षेत्रात हे शुल्क दरमहा दर जोडणीमागे ४५ रुपयांपर्यंत गेले. जोडणीनिहाय कर लागला की जोडण्यांची संख्या लपवणे आलेच. मोठ्या वितरकांनाही हाच अनुभव आला. सिटीकेबल, हॅथवे, हिंदुजांचे इनकेबलनेट या कंपन्या नव्वदीच्या मध्यापासून डिश आणि यंत्रसामग्रीचा खर्च स्वतः उचलून गल्लीतल्या चालकाला तयार सिग्नल देऊ लागल्या. चालक त्यांना शंभर घरे सांगे, प्रत्यक्षात वायर कित्येक पट घरांत गेलेली असे.

वाहिन्या फुकट होत्या तोवर हे लपवणे सगळ्यांना परवडत होते. नव्वदीच्या मध्यावर आधी सिनेमाच्या आणि खेळाच्या वाहिन्यांनी सिग्नल कुलूपबंद केला आणि पैसे मागायला सुरुवात केली. २००० च्या आगेमागे मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्यांनीही तोच मार्ग धरला. जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ स्टार प्लसवर एकाच दिवशी सुरू झाल्या. त्यानंतर स्टार प्लसशिवाय केबल विकणे अशक्य होऊन बसले. मराठीत १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आणि जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी आल्या. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या प्रेक्षकाला पहिल्यांदाच आपल्या भाषेत पर्याय मिळाला, तोही केबलमधूनच. वाहिन्या दर वाढवत, चालक वर्गणी वाढवी आणि बोट वाहिनीकडे दाखवी. वाहिनी म्हणे, चालक घरे लपवतो, म्हणून दर वाढवावा लागतो. दोघांचेही खरे होते.

यावर तोडगा म्हणून २००२ मध्ये कायदा दुरुस्त करून ‘कंडिशनल ॲक्सेस’ म्हणजे कॅस ही पद्धत आणली गेली. सशुल्क वाहिनी पाहायची तर सेट-टॉप बॉक्स घ्यायचा, हवी तीच वाहिनी निवडायची आणि तिचेच पैसे द्यायचे. चार महानगरांत २००३ मध्ये ती लागू व्हायची होती. प्रत्यक्षात चेन्नईत टिकली. मुंबईत बॉक्सच्या किमतीवरून गदारोळ झाला आणि योजना बारगळली. जानेवारी २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, केबलचे दर सोपवले गेले आणि ट्रायने ते होते तिथे गोठवले. न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ च्या अखेरीस दक्षिण मुंबईच्या ठरावीक भागात कॅस पुन्हा आली. निःशुल्क वाहिन्यांचा किमान संच ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनी ५ रुपये, करांचा हिशेब वेगळा. हिशेबाच्या दृष्टीने ग्राहकाला इतकी सोपी व्यवस्था त्याआधी आणि त्यानंतरही मिळाली नाही. पण ती काही चौरस किलोमीटरपुरतीच राहिली. पलीकडच्या उपनगरात तीच वाहिनी जुन्या वर्गणीत मिळत होती, मग बॉक्स कोण घेणार?

केबलला पहिला खरा पर्याय छपरावरून आला. घरोघरी छोट्या डिशने थेट उपग्रहाचे चित्र पोहोचवण्याची मर्डॉक यांची योजना १९९७ मध्ये सरकारने बंदी घालून थोपवली होती. नोव्हेंबर २००० मध्ये दार उघडले. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही, ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय आणि २००९ पर्यंत औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसह आणखी चौघे बाजारात उतरले. या ‘डायरेक्ट टू होम’, म्हणजे डीटीएच, सेवेचे पैसे आगाऊ भरावे लागत. ज्या घरांना केबलवाल्याचा मनमानी कारभार नको होता त्यांनी डिश घेतली. शिवाय जिथे केबलवाल्याला वायर नेणे परवडतच नव्हते, अशा वाड्या-वस्त्यांवर तर डिश हाच पहिला टीव्ही ठरला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर किंवा विदर्भातल्या विखुरलेल्या शेतांवर केबल कधी पोहोचलीच नाही. तिथल्या माणसांनी केबल काढायचा प्रश्नच आला नाही.

डीटीएच कंपन्यांच्या धामधुमीत एका सरकारी योजनेकडे शहरांचे दुर्लक्ष झाले. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केले. सुरुवातीला ३३ वाहिन्या, महिन्याची वर्गणी शून्य. दीड-दोन हजार रुपयांत बाजारातून छत्री आणि बॉक्स आणायचा, गावातल्या मेकॅनिककडून दिशा लावून घ्यायची, की संपले. पुढे हीच सेवा ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यावर जागा मिळावी म्हणून खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला त्यातून वर्षाला शेकडो कोटी रुपये मिळतात. म्हणजे प्रेक्षकाऐवजी वाहिनी पैसे देते. नव्वदीच्या सुरुवातीच्या स्टार आणि झीसारखाच हा जाहिरातीवर चालणारा हिशेब. मोठ्या कंपन्यांनी जुन्या मालिकांच्या खास वाहिन्या इथे आणल्या, मार्च २०१९ मध्ये काढून घेतल्या, जून २०२० मध्ये पुन्हा आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. फुकट पाहणारा प्रेक्षक जाहिरातदाराला हवा असतो, पण त्याच मालिका तिथे दिसल्या तर पैसे देणारा प्रेक्षकही पैसे का देईल, हा पेच त्यांना आजवर सुटलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये आलेली ‘शेमारू मराठीबाणा’ ही सिनेमांची वाहिनी मात्र अशाच निःशुल्क प्रेक्षकाला धरून उभी राहिली. उद्योगाच्या अंदाजानुसार देशातली ४ कोटींहून अधिक घरे आज फ्री डिशवर आहेत.

दरम्यान केबलचे डिजिटायझेशन सक्तीचे झाले. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद अशा शहरांत मार्च २०१३ अखेर आणि ग्रामीण भागात मार्च २०१७ पर्यंत जुनी ॲनालॉग वायर बंद करण्याचे वेळापत्रक ठरले. प्रत्येक घरात बॉक्स आला आणि चालकाने लपवलेली घरे मोजली जाऊ लागली. एका जोडणीवर दोन घरे चालेनात; प्रत्येक संचाला स्वतंत्र बॉक्स, स्वतंत्र आकार. चाळीतल्या सवलतीचा काळ संपला तो इथे.

तरीही महिन्याचे बिल एकरकमीच होते. ते सुटे झाले १ फेब्रुवारी २०१९ पासून. ट्रायच्या नव्या दर आदेशानुसार शंभर वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत निराळी. झी मराठी १९ रुपये, कलर्स मराठी १०, स्टार प्रवाह ९. फक्त या तीन मराठी वाहिन्या घेतल्या तरी ३८ रुपये, करासह ४४ रुपये ८४ पैसे. एकूण १९८ रुपये २४ पैसे. त्यात हिंदी मालिका, क्रिकेट आणि मुलांची कार्टून मिळवली की आकडा तीनशेच्या पुढे सरके. ट्रायचा हेतू चांगला होता. पण या आदेशाचा सर्वांत मोठा परिणाम ट्रायने अपेक्षिला नव्हता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा घराघरात यादी घेऊन बसावे लागले आणि आपण नेमके काय पाहतो, याचा हिशेब झाला. अनेक घरांत उत्तर आले : संध्याकाळच्या दोन मालिका आणि सामने. एकरकमी बिलाबद्दल कुरकूर होत असे, तरी ते दिले जाई. सुटे बिल वाचले गेले. केबल काढण्याचे कारण म्हणून नेहमी स्वस्त इंटरनेटकडे बोट दाखवले जाते, पण इंटरनेटने वाट दाखवली एवढेच. उंबरा ओलांडायला लावले ते या यादीने.

वाट मात्र खरोखरच रुंद झाली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये हॉटस्टार, जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि डिसेंबर २०१६ मध्ये प्राइम व्हिडिओ भारतात आले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने फोर-जी सेवा सुरू केली आणि मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट वाटले. त्यानंतर ३०३ रुपयांत २८ दिवस रोज एक जीबी मिळू लागला. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास पडत. मोबाइल प्रत्येकाच्या हातात होताच, त्याचे रिचार्ज टळणारे नव्हतेच. मग टीव्हीचे वेगळे पैसे कशाला, असा साधा हिशेब झाला. यूट्यूबवर भाडिपासारख्या मराठी मंडळींनी २०१६ पासून स्वतःचा प्रेक्षक तयार केला आणि तो कधीच कुठल्या वाहिनीच्या यादीत नव्हता. तरुण मुले आधी फुटली, आजी-आजोबांच्या मालिकांसाठी बॉक्स काही काळ टिकला. नातवाने झी फाइव्हवर भाग लावून दिला, तेव्हा तोही गेला.

केबलचालकांनी विरोध केला, संपाचे इशारे दिले. ट्रायने २०२० मध्ये १३० रुपयांत दोनशे वाहिन्या केल्या. समूहात विकल्या जाणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत १२ रुपयांवर आणू पाहिली. प्रसारक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२१ मध्ये न्यायालयाने आदेशाचा बहुतांश भाग कायम ठेवला. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा १९ रुपये झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचा सिग्नल प्रसारकांनी तोडला आणि अनेक घरांत आवडत्या वाहिन्या अचानक दिसेनाशा झाल्या. ग्राहकाला घालवायला यापेक्षा चांगला मुहूर्त सापडला नसता, कारण त्याच उन्हाळ्यात आयपीएलचे सामने जिओ सिनेमावर फुकट होते.

आकडे हीच गोष्ट सांगतात. केबल महासंघ आणि ईवाय ही सल्लागार संस्था यांच्या २०२५ मधल्या अहवालानुसार देशातली सशुल्क टीव्हीची घरे २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० अखेर सुमारे ७ कोटी होते. मार्च २०२५ अखेर ते ५ कोटी ७० लाखांच्या आतच राहिले. म्हणजे केबल सोडून डिशकडे जाण्याचा जुना ओघही थांबला. युरोप-अमेरिकेत केबल सोडणारे बहुतेक इंटरनेटकडे वळतात. महाराष्ट्रात आणि एकूणच भारतात हा ओघ दोन दिशांनी फुटला. शहरातला पगारदार इंटरनेटकडे गेला, तर शेतमजूर, ऊसतोड कामगार, छोटा दुकानदार फ्री डिशकडे. मधल्या उत्पन्नाची घरे केबलवर सर्वाधिक काळ राहिली आहेत.

इंटरनेटवरची स्वस्ताईही फार टिकली नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेरच्या माणसाला पासवर्ड देण्यावर बंदी घातली. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओ हॉटस्टार झाले आणि आयपीएल पुन्हा पैशांच्या कुंपणात गेले. दोन-तीन ॲप आणि इंटरनेट असा जोड घेणाऱ्या घराचे महिन्याचे बिल जुन्या केबलच्या बिलापेक्षा सहसा कमी भरत नाही. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी पणजीत, ‘इफ्फी’ या चित्रपट महोत्सवाच्या उद्‌घाटनप्रसंगी, ‘वेव्हज’ हे स्वतःचे ॲप सुरू केले. दूरदर्शनचा जुना खजिना त्यावर आहे.

ज्यांच्या हातात वायर होती, त्यांचे काय झाले हेही या इतिहासात येते. रिलायन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांतला ताबा मिळवणारा हिस्सा घेण्याचे जाहीर केले, तो त्यांच्या वाहिन्यांपेक्षा घराघरात गेलेल्या वायरीसाठी. अनेक लहान चालकांनी धंदा बंद केला किंवा विकला. जे टिकले त्यांनी इमारतीतली जुनी जाड केबल खाली उतरवली आणि त्याच जिन्यातून, त्याच खिडक्यांतून फायबर नेले. महिन्याची वसुली आता यूपीआयवर होते, पण इंटरनेट गेले की फोन त्याच माणसाला जातो.